आधी माझ्यावरचे सूत उचला

मी एक जुना सोलर पॅनल आहे. सूत रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याच्या गच्चीवर, आठ भावंडांत सगळ्यात कडेला, सहा वर्षे तोंड वर करून पडलो आहे. मित्रांनो, खरे सांगू? माझे डोके फिरले आहे.

कारखान्यात माझी काच पुसून, कोपरे तपासून मला खोक्यात घातले, तेव्हा तपासनीस म्हणाला होता, "हा पंचवीस वर्षं तक्रार करणार नाही." त्या भल्या माणसाला काय माहीत, मला कुठे जायचे होते!

खाली कामाच्या खोलीत रंगाचा हौद आहे. त्यात सुताच्या लडी फिरवणारी मोटर आहे. ती मध्येच थांबली की लडी एका जागी राहतात आणि रंगाचे डाग पडतात. माझ्या आधी ती डिझेलच्या जनरेटरवर चालायची. ढग असो, पाऊस असो, तो कधी नाही म्हणत नसे. हे मला जमत नाही, मान्य आहे. पण त्याचा धूर थेट रंगाऱ्याच्या आईच्या खिडकीत जायचा. चार पायऱ्या चढल्या की ती धापा टाकत कठडा धरून उभी राहायची. डॉक्टरांनी धूर बंद करा असे बजावले, तेव्हा कुठे आम्हाला आणले.

पहिले वर्ष मजेत गेले. रंगाऱ्याची बायको रोज माझी काच पुसायची, पाहुण्यांना मुद्दाम वर आणून दाखवायची. पण गच्चीवरचे ऊन तेवढेच आणि मागणारे दोन, वाळत घातलेले सूत आणि आम्ही. आम्ही निम्मी जागा अडवली होती. एका दिवसात वाळणारे सूत दोन दिवस घेऊ लागले. हीदेखील माझीच उणीव, मी ती कधी लपवली नाही.

मग कुणाच्या तरी लक्षात आले की दुपारी माझी काच चांगली तापते. झाले! एक ओली लड माझ्या अंगावर आली. मग दुसरी आली. सूत झकास वाळते म्हणून सगळे खूश. आम्ही आठही जण एका तारेत बांधलेले, एकावर सावली पडली की सगळ्यांचा जोर जातो. हे बसवणाऱ्याने सांगितले होते, पण ऐकतो कोण?

गेल्या महिन्यात एकदा माझ्या अंगावर सहा लडी होत्या. खाली मोटर कण्हत कण्हत थांबली आणि निळ्या सुताची अख्खी खेप डागाळली. रंगारी तावातावाने वर आला. "नुसतं शोभेचं सामान आहे हे," तो म्हणाला आणि बोलता बोलता घसरणारी एक लड त्याने माझ्यावर नीट सारखी केली. माझा किती संताप झाला असेल, तुम्हीच सांगा.

दोनच दिवसांनी तो गच्चीतच जनरेटरवाल्याशी फोनवर बोलत होता. "उद्याच आणा," म्हणत होता. तेवढ्यात आई ओल्या लडींची बादली घेऊन वर आली.

"बरं होईल," ती म्हणाली, "माझ्या सुताला जागा तरी होईल." आणि तिने एक लड झटकून माझ्यावर पसरली.

रंगारी फोन कानाला धरून तिच्याकडे बघतच राहिला. "आई, तू बादली घेऊन जिना चढलीस?"

"रोजच चढते. तुझी बायको हौदावर असते, मग सूत कोण घालणार?"

"आणि धाप?"

आई थबकली. "नाही रे लागली," ती हळूच म्हणाली. ते तिलाही आत्ताच कळले होते.

"जनरेटर राहू द्या," म्हणून रंगाऱ्याने फोन ठेवला. माझ्या अंगावरच्या लडी एकेक करून उचलल्या. शेवटची उचलली तेव्हा खाली मोटरचा आवाज चढला. दोघेही कान देऊन ऐकू लागले.

आता सूत मागच्या अंगणात वाळते. उशीर होतो, रंगारी कुरकुर करतो, आणि त्याची कुरकुर खोटी नाही. मित्रांनो, माझे फायदे-तोटे जरूर तोला. पण तोलण्याआधी माझ्या अंगावर काही पडले नाही ना, एवढे बघा.

आज सकाळपासून माझ्यावर एक टॉवेल पडला आहे. रंगाऱ्याच्या आईला हाक मारा. ती एका दमात वर येईल.