घेवड्याची पाटी

शाळेतला विज्ञान प्रकल्प मुलं करतात, ही थाप ज्याने पहिल्यांदा मारली त्याला एकदा समोर उभा करायला हवा. प्रकल्प बाप करतात, निस्तरतात आया, आणि बक्षीस मिळतं चमकीला.

पेंटर तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होता. सातवीतल्या लेकीने घेवड्याच्या दोन कुंड्या दोन खोल्यांच्या खिडक्यांत मांडल्या, एकीपाशी रेडिओ ठेवला आणि ती म्हणाली, "बाबा, मला नुसता कोरा फळा द्या. लिहीन मी."

पेंटरच्या घरचा फळा आणि त्यावर स्केचपेन? त्यापेक्षा नाक कापलेलं बरं. प्रदर्शनाच्या चार दिवस आधीच त्याने प्लायवूडवर तैलरंगात, लाल अक्षरांना काळी सावली देऊन उतरवलं : 'गाण्याने रोप भराभर वाढते'. खाली सवयीने फोन नंबरासाठी पट्टा कोरा सोडला आणि फळा पोत्याखाली झाकून ठेवला. दुकान उघडायच्या आधी पाटी तयार हवी, हा धंद्याचा नियम.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्याने ऐटीत पोतं काढलं. लेकीने पाटी वाचली, पट्टी घेतली, दोन्ही खिडक्यांत जाऊन आली.

"रेडिओवालं सहा इंच. दुसरं नऊ."

"मग?"

"मग तुमची पाटी खोटी आहे."

"पाटी खोटी नसते गं. 'ताजे दूध' लिहिताना मी कॅन उघडून बघतो का?"

"म्हणूनच आपल्याला पाणी मिळतं," शिलाई मशीनवरून आई म्हणाली. "आणि त्या रेडिओने माझंच डोकं उठलं, घेवडा बिचारा काय वाढणार."

पेंटर लेकीजवळ सरकला. "कुंड्यांची अदलाबदल कर. कोणाला कळतंय?"

"मला." तिने पट्टी दप्तरात टाकली. "ही पाटी अशीच असेल तर मी उद्या जात नाही."

आता आली पंचाईत. वरून नवा हात मारावा तर तैलरंग सकाळपर्यंत वाळायचा नाही. दुसरा फळा घरात नाही. तीस वर्षांत एक अक्षर न खोडलेला माणूस ब्रश हातात धरून बसला. शेवटी म्हणाला, "जा तू. तुला हवं ते कर."

तिने कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एक शीर्षकाच्या वर चिकटवली : 'बाबांचा अंदाज'. दुसरी फोन नंबराच्या जागी : 'अंदाज चुकला. पट्टी ठेवली आहे, मोजून बघा.' अक्षर असं की कोंबडी चालून गेलेली बरी. पेंटरने डोळे मिटून घेतले, पण हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्यांवर यश ओसंडून वाहत होतं. एकाचाही प्रयोग फसला नव्हता. बापांचे फसत नसतात. गर्दी मात्र घेवड्यापुढे. जो तो रोपं मोजायचा आणि विचारायचा, "बाबा कोण?" पेंटर प्रत्येक वेळी हात वर करायचा. दहाव्यांदा तर न विचारताच केला.

बक्षीस चमकी लावलेल्या ज्वालामुखीला गेलं. लेकीने खांदे उडवले आणि पट्टी पुसून ठेवली.

निघताना एका मिठाईवाल्याने पेंटरला गाठलं. "झकास अक्षर हो तुमचं. 'शहरातील सर्वोत्तम' अशी पाटी हवीय. कधी देता?"

पेंटरने लेकीकडे पाहिलं.

"आधी मिठाई दाखवा," तो म्हणाला. "दोघांना पुरेल एवढी."