बाईच्या आधीची जागा

“थांब गं, थांब! हात खाली घे.”

सरुबाई ओसरीवरून अशी काही ओरडली की स्टुलावर चढून दारोदारची नावं रंगवणाऱ्या प्रतिक्षाचा ब्रश हवेतच राहिला. ब्रशच्या टोकाला निळा ऑइलपेंट लोंबत होता. तो पडायच्या आत तिने डबा खाली धरला.

“काय झालं आजी? चुकलं का काय?”

चुकायला अजून काही लिहून झालंच नव्हतं. दाराशेजारच्या भिंतीवर पांढरा पट्टा मारला होता. त्याच्या वरच्या ओळीत ‘बाई’ आणि खालच्या ओळीत ‘महिपती’ एवढंच होतं. ‘बाई’च्या आधी दोन अक्षरांची जागा मोकळी होती. वस्तीवरच्या साठीपुढच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या नावाचा शेवट बाईनेच होतो, हे प्रतिक्षाला पहिली काही घरं रंगवल्यावरच कळून चुकलं होतं. त्यामुळे ती आधी शेपूट लिहून मोकळी व्हायची आणि मग तोंडाकडे वळायची. आडनाव ती लिहीतच नव्हती. वस्तीवर सगळेच रासकर, रंग फुकट कशाला घालवायचा?

“सरुबाईच ना?” तिने विचारलं.

सरुबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मागे सारला, परत पुढे ओढला. “च्या पिऊन घे आधी,” ती म्हणाली. “मग बघू.”

निरवांगीच्या या वस्तीवर हे नावाचं खूळ आणलं राजलक्ष्मीने. ती नवी सरपंच. याआधीही इथे बाई सरपंच झाली होती, पण खुर्चीवर तिचा नवरा बसायचा आणि बाई सहीपुरती चुलीपुढून उठून यायची. राजलक्ष्मी स्वतः बसली. नुसती बसली नाही, तर ग्रामसभेत उठून म्हणाली, “प्रत्येक घरावर पहिलं नाव घरातल्या थोरल्या बाईचं. पुरुषाचं त्याच्या खाली. मायबाप हो, ही क्रांती हाय!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरुबाईने वाजवल्या नाहीत. क्रांती या शब्दाचा तिने धसकाच घेतला होता.

कारण तिच्या आयुष्यात क्रांत्या काही थोड्याथोडक्या आल्या नव्हत्या. हरितक्रांती आली तेव्हा ती नवी नवरी होती. संकरित बियाणं आलं, खताच्या गोण्या आल्या आणि खुरपणं दुप्पट झालं. मेळाव्यात हार महिपतीच्या गळ्यात पडला. मग धवलक्रांती आली. दारात जर्सी गाय बांधली गेली आणि पहाटेची झोप गेली. डेअरीच्या किटलीवर नाव पडलं महिपतीचं. फाट्यावरच्या चौकाला क्रांती चौक म्हणायला लागले, तिथे मोठा फलक लागला, त्यावर देणगीदारांची नावं आली. सरुबाई त्या चौकातून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जायची आणि मान वर करता येत नसल्यामुळे तिला फलकाचे नुसते खांब दिसायचे. तिच्या हिशेबाने क्रांती म्हणजे आदल्या दिवसापेक्षा लवकर उठणं.

पण ही क्रांती निराळीच निघाली. ही दारात आली आणि तिने तिचंच नाव विचारलं. सरुबाईला रात्रभर त्याचं नवल वाटत राहिलं होतं. आपण बाजाराला गेलो, शेतात गेलो, मेलो तरी आपलं नाव या भिंतीवर उभं राहणार. ऊन खाणार, पाऊस खाणार, आल्यागेल्याला दिसणार.

आणि नेमकं आता, ब्रश वर उचलला गेला तेव्हा, तिच्या लक्षात आलं होतं की ते नाव तिचं नाही.

चहा घेऊन सून बाहेर आली. संजीवनी तिचं नाव. तिने एक कप प्रतिक्षाला दिला, एक ओसरीवरच्या बाजेवर बसलेल्या महिपतीला दिला आणि अर्धवट भिंतीकडे पाहून म्हणाली, “आत्या, काय झालं? नाव पसंत न्हाय व्हय?”

“पसंत न्हाय कसं? पन्नास वर्सं वागवलं की.”

“मग?”

सरुबाई भिंतीकडेच बघत होती. “माझं नाव बना हुतं,” ती म्हणाली.

प्रतिक्षा चहाचा घोट तसाच ठेवून बघत राहिली. संजीवनीने ओढणी सावरली. बाजेवरचा महिपती मात्र हलला नाही. बशीत चहा ओतत होता, ओतत राहिला.

“नरसिंहपूरची मी. आबाजीची बना. लगीन करून हितं आले तर सासूचं नाव बी बनाबाई. एका चुलीपुढं दोन बना कशा बसवायच्या? हाक मारली तर कुणी ओ द्यायची? सासूचं नाव काय बदलतंय! माझं बदललं.”

“असं व्हय!” प्रतिक्षा म्हणाली. “मग सरू कुणी काढलं?”

“सासूनंच. तिची एक लेक हुती. ह्यांच्या पाठची. तापानं गेली ल्हान असताना. सरू तिचं नाव.”



सासूने ते नाव छळायला दिलं नव्हतं. तेच तर अवघड होतं. पहिल्या दिवसापासून सासू “सरू” अशी हाक मारायची आणि हाक मारता मारता तिचा आवाज पातळ व्हायचा. केस विंचरायला बसवायची, ताटात तुपाची धार जरा जास्त सोडायची. नव्या नवरीला एवढी माया कुठे मिळते? पण सरुबाईला ठाऊक होतं की हाक त्या पोरीला असते आणि ओ आपण देतो. पन्नास वर्षं तिने एका मेलेल्या लेकराच्या वाटची ओ दिली. मन लावून दिली. साक्षरतेच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात सही शिकली, तीही त्याच नावाची. सगळ्या कागदांवर तेच नाव चढलं.

माहेरी आता बना म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तिला आठवायचं, बाप तिला भीमा आणि नीरेच्या संगमावर घेऊन जायचा आणि बोट करून सांगायचा, “हितवर नीरा. हितनं म्होरं समदी भीमाच.”

“मग नीरा कुठं जाती?” ती विचारायची.

“जाती कुठं? हाय की त्यातच.”

पुढे ती नीरेच्याच काठाच्या गावात, निरवांगीत सून म्हणून आली. पाणी खाली वाहत गेलं, ती वर आली. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

“आत्या,” संजीवनी म्हणाली, “मी आले तवा मोठ्या चुलत्या म्हणत हुत्या, पोरीचं नाव बदला, लई लांबलचक हाय. तुमी म्हनला, राहू द्या, तिच्या आईनं हौसेनं ठेवलं असंल. मला वाटलं, सासू सुधारलेली दिसती.”

“सुधारलेली कसली! मला काय झालं हुतं ते मला ठावं हुतं.”

“मग लिवा की बना! इच्यारायचं काय त्यात?”

“आणि आधारवर सरुबाई हाय त्याचं काय?” प्रतिक्षाने रास्त शंका काढली.

“भिंतीला कोण आधार मागतंय?” संजीवनी म्हणाली.

सरुबाई हसली नाही. “तसं न्हाय गं. सासूनं त्या पोरीला माझ्यात जित्तं ठिवलं. आता मी दारावरनं तिचं नाव पुसलं तर ती दुसऱ्यांदा मेल्यावानी व्हईल. ह्यांची भन हाय ती. ह्यांना काय वाटंल?”

आता सगळ्यांनी महिपतीकडे पाहिलं. महिपती पंच्याहत्तरीचा. तरुणपणी सभांमध्ये घोषणा द्यायचा आणि घरात मात्र मोजकंच बोलायचा. त्याने बशी खाली ठेवली, मिशीवरचा चहा पुसला.

“अगं,” तो म्हणाला, “मी तुला कंदी नावानं हाक मारलीया का?”

“न्हाय. पर कुनाचा नवरा मारतो?”

“दुसऱ्यांचं सांगू नगंस.” तो बाजेची दोरी बोटाने ओढत राहिला. “माझ्या पाठीवर बसून वढ्याला यायची ती पोर. मी म्हनायचो, सरे, घट धर. आईनं तुला ते नाव दिलं तवा मी काय बोललो न्हाय. आई हसाया लागली हुती, मला तेवढंच पायजे हुतं. पर भनीच्या नावानं बायकूला हाक कशी मारायची? जीभच उचलंना. म्हनून अगं. पन्नास वर्सं अगं.”

सरुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. ती समजत होती, हा जुन्या वळणाचा माणूस, बायकोचं नाव घ्यायला लाजतो. एका माणसाशेजारी एवढी वर्षं चूल पेटवली, आणि त्याच्या एका शब्दाच्या आत काय दडलंय हे आज, एका पोरीने ब्रश वर उचलला म्हणून कळत होतं. राजलक्ष्मीने ग्रामसभेत क्रांती म्हटलं तेव्हा तिला खरं वाटलं नव्हतं. आता वाटलं.

“सरूला सोड आता,” महिपती म्हणाला. “लई दमली आसंल ती बी.”

सरुबाईने पदराच्या टोकाने नाक पुसलं. मग प्रतिक्षाला म्हणाली, “चढ वर.”

प्रतिक्षा स्टुलावर चढली. ब्रश डब्यात बुडवून काठावर निथळला. आधी आडवी रेघ ओढली, मग ‘ब’चं पोट भरलं. सरुबाई दोन्ही हात छातीशी धरून खाली उभी होती, देवळात उभं राहावं तशी. ‘ब’ झाला. ‘ना’चा काना वरून खाली आला आणि शेवटी जरा जाड झाला. मोकळी जागा भरली. ओला रंग उन्हात इतका चमकत होता की अक्षरं आत्ताच कुठूनतरी उगवून आल्यासारखी वाटत होती.

“एवढं मोठं हाय व्हय माझं नाव!” ती म्हणाली.

तेवढ्यात रस्त्याने मोटारसायकल आली. पलीकडच्या मळ्यातला दादासो डाळिंबाच्या रिकाम्या क्रेट बांधून चालला होता. भिंतीकडे पाहून त्याने गाडी थांबवली, एक पाय खाली टेकला आणि मोठ्याने वाचलं. “बनाबाई. महिपती. वा तात्या! आईचं नाव लावलं. अन् काकी, तुमचं तर कौतुकच हाय. सौताचं सोडून सासूचं लावाया लई मोठं काळीज लागतं. आमची ही बघाया पायजे. आनतो तिला दाखवाया!”

संजीवनीने तोंड उघडलं. महिपतीनेही काही बोलायला हात वर केला. सरुबाईने दोघांकडे एकदा पाहिलं आणि दादासोला म्हणाली, “आन की. च्या बी घिऊन जा म्हनावं.”

गाडी धूळ उडवत गेली. प्रतिक्षा खाली उतरून हळहळली. “आजी, सगळी वस्ती हेच समजंल बघा. तुमचं नाव लिवलं आणि कुणाला कळायचंच न्हाय!”

“मला कळलं की,” सरुबाई म्हणाली. “आणि सासूला बी हाय वाटा. नाव काय एकीचंच असतंय व्हय?”

पण हे म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला. प्रतिक्षाने सामान गोळा केलं, पुढच्या घराकडे गेली. संजीवनी कप घेऊन आत गेली. महिपतीने बाजेवरून पाय खाली सोडले.

“अगं,” त्याने हाक मारली.

“आता तरी अगं म्हनू नगा.”

“मग काय म्हनू? सरू म्हनलं तर भन. बना म्हनलं तर आई. आईचं नाव तरी कुठं घेतलंय मी कंदी?” म्हातारा खरोखरच पेचात पडला होता. “देवानं दोन्हीकडनं कुलूप घातलंया.”

सरुबाईला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले. “हाक नगा मारू,” ती म्हणाली. “भिंतीवर लिवलंय, ते वाचा तरी. वाचायला कसला दोष?”

महिपतीने खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, कानांवर अडकवला. काठी टेकत भिंतीजवळ आला. रंगाला हात लागू नये म्हणून बोट थोडं दूर धरलं आणि अक्षराखालून अक्षराखाली सरकवत, शाळेतल्या पोरासारखं एक एक वाचलं.

“ब... ना.”

बोट पुढे ‘बाई’कडे गेलंच नाही. तिथेच थांबलं.

“ओ,” बना म्हणाली.