तीन वर्षांची जागा

आमच्या अथेन्सात जिवंत माणसाला घर मिळायची मारामार, तशीच मेलेल्याला जमिनीची. मिळतात तीन वर्षं. तेवढी मातीत काढायची, मग ठरल्या दिवशी घरच्यांनी कबरीपाशी येऊन उभं राहायचं, खोदणाऱ्यांनी हाडं वर काढायची, घरातल्या बायकांनी ती लाल वाईननं धुवायची, पुसून पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि पेटी अस्थिघरातल्या फळीवर. जागा पुढच्याला. आणि घरचं कुणी आलंच नाही तर? तर खोदणारे बिचारे किती वेळ थांबणार. पोत्यात भरतात आणि सगळ्यांच्या खड्ड्यात रिकामं करतात. तिथं मग कोण कुणाचा, काही कळत नाही. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते तोंडावर हात ठेवतात. आम्हाला त्यात काही वाटत नाही. म्हणजे, दुसऱ्याच्या घरातलं असेपर्यंत वाटत नाही.

मेरोपीच्या घरातलं होतं. तिचा एकुलता एक ओरेस्तिस बावीस वर्षांचा असताना समुद्राकडच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला तीन वर्षं आणि वर चार महिने झाले होते. चार महिने तिनं अर्जविनंत्या करून वाढवून घेतले होते. आणखी वाढवायला नगरपालिकेनं नकार दिला. गुरुवारी सकाळी अकराला या, म्हणून कागद आला. तो कागद तिनं फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि आठ दिवस त्या फ्रिजकडे पाठ करून स्वयंपाक केला.

मेरोपी गाइड. एकतीस वर्षं अक्रोपोलिसवर लोकांना चढवत आणि उतरवत होती. नुसता दगड दाखवून ती अशी काही बोलायची की माणसाला त्यावरचं छप्पर दिसावं, रंग दिसावा, पायऱ्यांवरची गर्दी दिसावी. ऑफिसात तिला मान होता. त्या गुरुवारी तिला कुणी कामावर बोलावलेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण नंतर तिनं नवऱ्याला वेगळंच सांगितलं. उत्तरेकडच्या कावाला गावाहून निवृत्त शिक्षकांचा एक गट येणार होता, तो दुसऱ्या एका मुलीला दिलेला होता. मेरोपीनं आदल्या दिवशी फोन करून तो स्वतःकडे मागून घेतला. घरी येऊन मात्र म्हणाली, काय करणार, ऑफिसवाले ऐकतच नाहीत, पण दहाला अक्रोपोलिस उरकलं की मी तशीच दफनभूमीत येते, तू थेट तिथं ये.

स्ताथिस, तिचा नवरा, बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. पहिल्यापासून कमी बोलणारा. मुलगा गेल्यापासून तेवढंही बोलेना. त्यानं मान हलवली. नणंदेला, म्हणजे कोरीनाला, मेरोपीनं पुढच्या गुरुवारची तारीख सांगून ठेवली होती. उगाच चार बायका जमून रडारड नको, असं स्वतःला समजावलं होतं. खरं कारण तिला ठाऊक होतं. कोरीना आली असती तर हाताला धरून कबरीपर्यंत घेऊन गेली असती, आणि तेच तिला नको होतं.

ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याची हाडं धुवायची. कुठल्या आईला जमतं हे? जमतं म्हणा. आमच्याकडे सगळ्याच आया करतात. मेरोपीच्या सासूनं आपल्या धाकट्याची धुतली होती, आणि धुताना त्याच्याशी बोलत होती म्हणे, जरा इकडे वळ, जरा थांब, असं. मेरोपीला ते आठवलं की ती हातातलं काम टाकून उठायची. मग ती मनाशी हिशेब मांडायची, की मला उशीर झाला तरी स्ताथिस तिथं असेल. बाप आहे तो. बाप असला म्हणजे झालं.

गुरुवारी सकाळी आठला तिनं गट वर नेला. पंचवीस म्हातारे, सगळे टोप्या घातलेले, सगळ्यांना सगळं आधीच माहीत. शिक्षकच ते. एकानं तिची सनावळ्यांची चूक काढायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली, तेव्हा बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मेरोपीही हसली. वर वारा छान होता. खाली सगळं शहर पांढरं पसरलेलं, पार समुद्रापर्यंत, आणि पश्चिमेला, तिनं बघितलं नाही तरी तिला माहीत होतं, दफनभूमीतल्या सुरूच्या झाडांचा काळा पट्टा.

पावणेदहाला सगळे खाली उतरले. कार्यक्रम तिथंच संपत होता. केरामिकोस, म्हणजे प्राचीन काळची दफनभूमी, कार्यक्रमात नव्हतंच. पण मेरोपी त्यांना म्हणाली, तुम्ही एवढ्या लांबून आलात, चला, जवळच आहे, आमची जुनी दफनभूमीही दाखवते, त्याचे काही वेगळे पैसे नाहीत. म्हातारे खूष. आता बघा, अख्खं अथेन्स पडलं होतं तिला. बाजार होता, देवळं होती, संग्रहालय होतं. मुलाच्या कबरीकडे जायचं टाळून बाई गेली कुठं, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कबरी दाखवायला. पाय नेतील तिकडे गेली, दुसरं काय.

तिथं एका श्रीमंत घरच्या बाईच्या कबरीवरचा कोरीव दगड आहे. ती खुर्चीत बसलीय, समोर दासी पेटी धरून उभी आहे, आणि बाई पेटीतून दागिना उचलतेय. खरा दगड संग्रहालयात, इथं नक्कल. त्या बाईबद्दल मेरोपी नेहमी दहा मिनिटं बोलायची, त्या दिवशी वीस मिनिटं बोलली. मग पुढे नेऊन सांगितलं, की इथं जवळच मेट्रोचं काम चालू असताना एक मोठा खड्डा सापडला, प्लेगच्या साथीत मेलेल्यांचा, माणसं कशीही टाकलेली, लहान मुलंसुद्धा.

गटात झाफिरिया नावाच्या एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत सगळ्यांच्या मागून यायच्या आणि एकही प्रश्न विचारायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, "का गं मुली, त्यांची हाडं कुणी धुतली?"

मेरोपी म्हणाली, धुतली नाहीत, अभ्यासाला नेली, मोजमापं केली.

"म्हणजे घरचं कुणीच नव्हतं," झाफिरियाबाई म्हणाल्या. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटल्या, "एवढ्या पोरांना, आणि एकही आई नाही."

बस. मेरोपीनं घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी. तोंडातलं वाक्य अर्धवट सोडून ती वळली. एकतीस वर्षांत तिनं गट असा मधेच कधी सोडला नव्हता. त्या चुका काढणाऱ्या मास्तरांच्या हातात तिनं गटापुढं उंच धरायची आपली छत्री दिली, हॉटेलचा रस्ता सांगितला आणि पळत सुटली. म्हातारे बघतच राहिले.

टॅक्सी मिळाली, पण मिळून काय उपयोग. पिरेओस रस्त्यावर कसलासा मोर्चा होता, गाड्या तुंबलेल्या. टॅक्सीवाला सरकारच्या नावानं शिव्या घालत होता आणि मागे बसलेली बाई सारखी घड्याळ बघतेय हे त्याच्या गावीही नव्हतं. तिनं स्ताथिसला फोन लावला. फोन बंद. म्हणजे आत पोचला, तिला वाटलं, पाद्री प्रार्थना म्हणत असेल म्हणून बंद केला असेल. तिला जरा धीर आला. तो आहे तिथं. पोरगा एकटा नाही. मग तिला स्वतःची इतकी शरम वाटली की गाडीत बसवेना, शेवटचा अर्धा किलोमीटर ती उतरून चालत गेली.

पाऊण वाजता ती मुख्य फाटकातून आत शिरली. तेराव्या विभागातली चौथी ओळ तिला डोळे मिटूनही सापडली असती. ओळीत खड्डा होता. नुसता खड्डा, कडेला ताजी माती, संगमरवराच्या फळ्या एकावर एक रचलेल्या. स्ताथिस नव्हता. पाद्री नव्हता. आग्रोन नावाचा खोदणारा, अल्बानियाकडून आलेला मध्यमवयीन माणूस, खड्ड्याची बाजू फावड्यानं सरळ करत होता. एकला तिथं दुसरं कुणी यायचं होतं.

"याच्या घरचे कुठायत?" मेरोपीनं विचारलं.

आग्रोननं डोक्यावरची टोपी काढली. घरचं कुणी आलंच नाही, तो म्हणाला. साडेअकरापर्यंत त्यानं वाट पाहिली, त्याहून जास्त थांबता येत नाही, मागचे लोक खोळंबतात. पाद्रीबाबाही दोनदा येऊन परत गेले. मग त्यानं काढायला घेतलं. पोतं आणलं होतं. पण पलीकडच्या ओळीत एक म्हातारी आपल्या नवऱ्यासाठी आली होती. तिचं उरकलं होतं. तिनं बघितलं की इथं कुणीच नाही. तिनं आग्रोनला पोतं बाजूला ठेवायला लावलं.

"तिच्या बाटलीत वाईन उरली होती," आग्रोन सांगत होता. "क्रूसावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, म्हणाली, अरे हे तर पोर आहे. बसली खाली मांडी घालून. एक एक धुतलं, बाई, काही राहू दिलं नाही. डोक्यावरच्या रुमालानं पुसलं. मी म्हटलं, आजी, ओळख ना पाळख, कशाला? तर म्हणाली, याची आई रस्त्यात अडकली असेल, ती येईपर्यंत पोरानं असं उघड्यावर राहायचं का?"

मेरोपी रचलेल्या फळ्यांवर बसली. तिला रडू फुटेना. आग्रोननं विचारलं, तुम्ही कोण त्याच्या? तिनं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग तिला अस्थिघराच्या ओसरीत घेऊन गेला. तिथं बाकड्यावर पत्र्याची पेटी होती, पेटीवर कबरीवरून काढलेला ओरेस्तिसचा फोटो. म्हातारीचं नाव त्यानं विचारलं नव्हतं. ती निघून गेली होती, तिला दोन बसा बदलून जायचं होतं.

"कुलूप लावलेलं नाही अजून," आग्रोन म्हणाला. "उघडू?"

मेरोपीनं पेटीवर हात ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता. एवढीशी पेटी. सव्वासहा फुटांचा पोरगा तिचा, दारातून येताना वाकायचा. उघड म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "नको. लावा कुलूप."

त्यानं कुलूप लावलं. पेटी उचलून फळीवर ठेवली, वरून तिसरी, खिडकीपाशी. मेरोपी खाली उभी राहून बघत होती.

आग्रोननं तिला जवळच्या, फुलवाल्यांच्या बाजूच्या फाटकातून बाहेर सोडलं. आणि तिथं समोरच, निलगिरीच्या झाडाखाली, त्यांची जुनी निळी गाडी उभी होती. आत स्ताथिस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा कोट, एवढ्या उन्हात काचा बंद. मांडीवर वाईनची बाटली, त्याच्या गावाकडची, बूच न काढलेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चालत्या बसमध्ये बसावं तसा बसलेला.

ती दार उघडून शेजारी बसली. मग स्ताथिसच बोलायला लागला, आणि तीन वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. दहा वाजल्यापासून इथं आहे, म्हणाला. तीनदा दार उघडलं. एकदा पाय खाली टेकला, पण पुढे टाकवेना, मेरोपी, पायच नव्हते मला. मग फोन बंद केला, तू बोलावशील म्हणून. मला वाटलं, ती पुढच्या फाटकातून गेली असेल, ती आहे ना आत, ती सांभाळेल. तू आहेस म्हटल्यावर मी इथं बसू शकलो. शिव्या घाल मला हव्या तेवढ्या.

मेरोपीला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. तिनं त्याच्याकडे वळून श्वाससुद्धा घेतला होता.

"वाईन मी इथंच घेऊन बसलो," तो म्हणाला. "तू काय केलंस मग?"

"एका बाईंनी दिली," मेरोपी म्हणाली. "शेजारच्या ओळीतल्या."

त्यानं मान हलवली. मग समोरच बघत त्यानं तो प्रश्न विचारला जो आमच्याकडे सगळेच विचारतात. हाडं काळी निघाली तर जीव अजून तळमळतोय असं समजतात, आणि पिवळी निघाली तर सुटला, निवांत झाला. "रंग कसा होता गं?"

"पिवळा," मेरोपी म्हणाली.

"पिवळा?"

"मेणबत्तीसारखा. देवळातल्या, मधमाशीच्या मेणाच्या असतात ना, तसा. स्वच्छ. कुठं डाग नाही." ती त्याच्या मांडीवरच्या बाटलीकडे बघत सांगत होती. "हात तसेच होते त्याचे, लांब बोटांचे. पायाचं मोडलेलं हाड होतं ना, ते आधी दिसलं मला. तेवढं एकदा धुतलं, परत धुतलं. पुढचा अर्धा दात होता, पायरीवरून पडला होता तो. मी त्याला म्हटलं, जरा थांब, वळू नकोस, झालंच."

स्ताथिसचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. खांदे हलायला लागले. तीन वर्षांत ती त्याला पहिल्यांदा रडताना बघत होती. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत बोलत राहिली, एकेक करून सगळं सांगत राहिली.

शेवटी त्यानं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. तिचा हात घेतला आणि ओठांना लावला, तळव्यावर, पोराला धुतलं त्या जागी.

"बरं झालं तू होतीस," तो म्हणाला. "निदान आपल्यातलं एक तरी होतं त्याच्यापाशी."

"हो," मेरोपी म्हणाली. "होते ना मी."