दोन टाके मागे

ताई जायची त्या दिवशी, ती घराबाहेर पडल्याबरोबर, त्याने खिडकीचा पडदा उतरवला आणि जमिनीवर पसरून त्यावर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली.

ताई जुन्या कचेरीत किल्ल्या सोपवून, चार लोकांचा निरोप घेऊन दुपारी परतणार होती आणि लगोलग ट्रंक उचलून दूरच्या बंदराच्या गावी, नव्या नोकरीवर रुजू होणार होती. तेवढ्या अवधीत त्याला तिच्यासाठी खांद्याला अडकवायची साधी पिशवी शिवायची होती. ट्रंकेत घातलेली वस्तू ट्रंकेतच राहते; खांद्यावरची वस्तू माणसाबरोबर चालते, असा त्याचा विचार होता.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासत असे. दिवसभरात त्याच्या तोंडून दोनच वाक्ये निघत: “आता स्पष्ट दिसतंय?” आणि “आणि आता?” घरी तेवढीही निघत नसत. ताई त्याला घुम्या म्हणे, आणि ते नाव त्याला इतके चपखल बसले होते की खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कोणाला असेल म्हणून तो मागे वळून पाही.

त्याला ताईकडून एकच शब्द ऐकायचा होता. आई दवाखान्यात जाताना उंबऱ्यावरून “येते रे” म्हणाली होती. ती आली नाही. त्या दिवसापासून ताईने तो शब्दच टाकून दिला. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे असले तरी ती “निघते” म्हणे. आज तरी तिने “येते” म्हणावे, असे त्याला आठवडाभर वाटत होते. पण मागून घेतलेल्या शब्दाला काय किंमत? आणि मागायचे म्हणजे आधी तोंड उघडायला हवे.

पडदा निळा, जाड, उन्हाकडच्या बाजूने विटलेला. तोही आईनेच शिवलेला. विटलेली बाजू त्याने अस्तराला लावली, गडद बाजू बाहेर ठेवली. पट्ट्याची लांब पट्टी दुमडून शिवली, सेफ्टी पिनेला टोक अडकवून ती आतून ओढत ओढत सुलटी केली. पिशवीचे एक बरे असते; ती उलटी शिवतात आणि शेवटी सुलटी करतात. सगळ्या वेड्यावाकड्या कडा, सुटलेले धागे मुकाट आत जातात. हे काम आपल्याला आधीच कसे सुचले नाही, याचे त्याला नवल वाटले.

मशीन आईचे, जुने, फक्त पुढेच जाणारे. लहानपणी पलीकडच्या खोलीत पडल्यापडल्या तो त्याचा आवाज ऐकत असे: लांबच लांब घरघर, मग क्षणभर शांतता, आणि मग दोन सुटे ठोके. टक, टक. त्या ठोक्यांचा अर्थ त्याने कधी विचारला नव्हता. आईचे पाय दमले असतील, असे त्याने आपले मनाशी ठरवून टाकले होते. आता तो स्वतः शिवायला बसला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिवत गेला आणि कड आली की दोरा कापून मोकळा झाला.

ताई आली ती दारातच थबकली.

“घुम्या, घरात चोर शिरला होता का? नुसता पडदाच नेलाय.”

तो पिशवी पाठीमागे धरून उभा राहिला.

“दाखव बघू. शाळेत छडी खायला उभा राहिल्यासारखा काय उभा राहतोस?” तिने पिशवी ओढून घेतली, उलटीपालटी करून पाहिली. “पडद्याची?”

“हं.”

“छान. म्हणजे आता तू आंघोळ करून आलास की समोरच्या काकूंनी डोळे मिटून घ्यायचे.”

पण बोलता बोलता तिचा हात कापडावरून सावकाश फिरला. प्रवासात लागायच्या वस्तू तिने आत घातल्या: शाल, पुस्तक, पाण्याची भरलेली बाटली. मग पिशवी खांद्यावर घेतली. पट्ट्याचे एक टोक सुळकन निसटले, पिशवी तोंडघशी पडली आणि बाटली घरंगळत पलंगाखाली गेली.

त्याचा चेहरा उतरला. ताईने उसवलेली कड उजेडात धरली.

“टाके मागे घेतले नाहीस तू.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? इतकी वर्षं त्या मशीनच्या आवाजात झोपलास ना?”

खाली गाडीवाल्याने भोंगा वाजवला. ताई खुर्ची ओढून बसली. तिने टोक जागेवर खोचले आणि शिवत कडेपर्यंत आली, थांबली, सुई कापडातच ठेवून अख्खी पिशवी उलट फिरवली आणि चाक हाताने वळवून त्याच शिवणीवर दोन टाके मागे घेतले. टक, टक.

तो भिंतीला टेकला. तो आवाज त्याच्या पाठीतून गेला.

“आई म्हणायची,” दुसरे टोक सुईखाली सरकवत ताई बोलत होती, “टाक्यालासुद्धा ‘येतो’ म्हणून जायची सवय लावावी लागते. नाहीतर तो गेला की गेलाच.”

शब्द बाहेर पडला आणि तिचा हात चाकावरच थांबला. तिने मान वर केली नाही. त्याच्या ओठांशी “तू येशील ना?” येऊन ठेपले होते. पण तो म्हणाला, “बाटली पलंगाखाली गेलीय.”

“काढ मग.”

त्याने काढली, पुसली, पिशवीत ठेवली.

गाडीवाला वर येऊन ट्रंक घेऊन गेला. तो मागोमाग निघाला, तर ताईने त्याला उंबऱ्यातच अडवले. “खाली येऊ नकोस. नुसता बघत उभा राहशील, मला ते जमायचं नाही. वेळेवर जेवत जा.” तिने पट्टा खांद्यावर नीट केला. पट्टा लांबच झाला होता. मापाला त्याने स्वतःचा खांदा घेतला होता.

“निघते,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

तिची पावले जिना उतरू लागली. मधल्या वळणावर ती थांबली. जिना क्षणभर निःशब्द झाला. मग दोन पायऱ्या ती वर आली. तो कान देऊन उभा राहिला. पावले पुन्हा वळली, आणि या खेपेला भराभर उतरून गेली.

तो खिडकीशी आला तेव्हा रस्ता रिकामा होता. समोरच्या गच्चीत काकू वाळलेले कपडे काढत होत्या.

“गेली का रे ताई?”

एरवी त्याने नुसती मान डोलावली असती. “गेली,” तो म्हणाला. त्या पाठ फिरवून एक चादर झटकू लागल्या, तेव्हा त्याने आणखी एक शब्द उच्चारला: “येईल.”

तो त्यांना ऐकू गेला नसावा. पडदा नसलेल्या खिडकीतून ऊन थेट मशीनपर्यंत आले होते, आणि मशीनखाली निळ्या दोऱ्याचे कापलेले तुकडे पडले होते. त्याने ते झाडले नाहीत.