सात मिनिटांचा अंधार

“काका, मुद्दाम घाबरायचं नाही हां. मनापासून वाटलं तरच,” मृणालीने मोबाइल स्टँडवर बसवत बजावलं. “आणि कॅमेऱ्याकडे बघू नका. टीव्हीकडे बघा.”

“मी आता कशाला भितोय? एकसष्टी झाली माझी,” बाळाजी म्हणाला.

“बीपीची गोळी घेतलीत का पण?” सुचिता तिच्या खुर्चीतून म्हणाली. “न्हायतर दातवाला ऱ्हाईल बाजूला, आणि आम्हाला तुम्हालाच उचलून न्यावं लागंल.”

दुपारचे साडेतीन वाजले होते. मृणालीने खिडक्या लावून, दाराला चादर टांगून अंधार केला होता. पाच दिवस ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात असायची आणि शनिवार-रविवारी बोर्ली पंचतनला, आजोबांच्या घरी. आजोबा म्हणजे रावजी मास्तर. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. जुने भयपट आजच्या माणसाला अजून घाबरवतात का, हे लोकांना समोर बसवून बघायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, हा तिचा नाद. या खेपेला तिला इंटरनेटवर तो जुना पिच्चर सापडला होता. परदेशी, टीव्हीसाठीच काढलेला, वर हिंदी आवाज चढवलेला. नाव गावात कुणाला कधीच आठवलं नाही. सगळे त्याला दातवाल्याचा पिच्चर म्हणत. १९८९ साली एका शनिवारी संध्याकाळी अर्ध्या आळीने तो याच खोलीत, मास्तरांच्या टीव्हीवर बघितला होता.

त्यातली निम्मी माणसं आता नव्हती, उरलेली मुंबईला. गावात राहिली होती सुचिता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता अंगणवाडीत सेविका आहे.

बाळाजी समोरच राहायचा म्हणून त्यालाही बोलावलं. त्याने पिच्चर बघितला होता का, हे कुणी विचारलं नाही. बघितला नव्हता. पण निरोप सुचिताने आणला होता, आणि सुचिताला त्याने पस्तीस वर्षांत कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं.

*

पुठ्ठ्याचा किल्ला आला. भाताच्या पातेल्यातून यावं तसं धुकं आलं. मग वटवाघूळ आलं.

“दोरा बघा, दोरा!” मृणाली खुर्चीवरून पडायच्या बेतात. “हे वटवाघूळ नाहीये, वाळत घातलेला बोंबील आहे!”

“मेल्याचे दात तरी बघ,” सुचिता म्हणाली. “ कवळी ढिली झालीय त्याची.”

“आत्या, सीरियसली? याला घाबरलात तुम्ही?”

“अगो, तेव्हा या खोलीत चाळीस माणसं. काळा-पांढरा टीव्ही, त्यात निम्म्या मुंग्या. त्याचं थोबाड धड दिसायचंच न्हाय. जेवढं दिसत नव्हतं तेवढं आम्ही आपल्या मनाने भरलं.” सुचिता पदर सावरून कॅमेऱ्याकडे वळली. ही गोष्ट तिच्या आवडीची होती. अंगणवाडीतल्या पोरांनाही ती पाठ होती. “आणि ऐक. तो पेटीत झोपलेला असतो. पेटीचं झाकण करकरतं, जरासं उघडतं... आणि बरोब्बर त्या टायमाला लाइट गेली. आख्ख्या गावाची! सगळी वरडत सुटली. मी पायऱ्यांवरनं खाली. पाय मोडला तो मोडलाच. माझी आई मरेस्तोवर सांगायची, दातवाल्याने माझ्या पोरीचा पाय नेला.”

“बापरे.”

“काय बापरे? चाळीस जणांत त्याने मला निवडली. एवढा मान या गावात दुसऱ्या कुणाला मिळाला सांग.”

ती हसली. हसताना तिचा हात सवयीने डाव्या गुडघ्यावर गेला.

“आत्या, हे भारी आहे! व्हिडिओ याच्यावरच चालणार!”

बाळाजीने डोळे मिटून घेतले होते.

*

उघड्या डोळ्यांना तो पिच्चर त्यालाही हसण्यासारखाच दिसत होता. पण त्याच्या ओळखीचा पिच्चर हा नव्हताच. त्याच्या ओळखीचा होता तो नुसता आवाज.

वीज खात्याचं सबस्टेशन तेव्हा मास्तरांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे होतं. बाळाजी सव्वीस वर्षांचा, नोकरीत कायम होऊन वर्ष झालेलं. सगळं गाव टीव्हीपुढे आणि हा एकटा बोर्डासमोर, जागा सोडायची सोय नाही. मास्तरांच्या उघड्या दारातून पावलं ऐकू येत, वारा ऐकू येई, बाईचा श्वास ऐकू येई. दिसत मात्र काही नव्हतं. दिसायचं ते खिडकीतलं निळं हलणं.

आता डोळे मिटल्यावर दोरा गेला, बोंबील गेला, कवळी गेली. पावलं आली, एकेका दगडावरून, सावकाश. त्याच्या मानेवर काटा उभा राहिला.

“काका, डोळे का मिटलेत?” मृणाली कुजबुजली. “खरंच घाबरलात?”

“व्हय,” तो म्हणाला.

मग पेटीचं झाकण करकरलं, आणि

*

एक.
त्याने गावाला वीज देणाऱ्या फीडरची मूठ खाली ओढली. राग कुणावरच नव्हता. एवढी सगळी माणसं तिकडे एकत्र भीत होती आणि त्यांच्यात तो नव्हता, एवढंच.

दोन.
किंकाळ्या उठल्या. तो हसला. बोर्डाला टेकून, पोट धरून हसला. मिनिटाभरात लाइट लावायची, असं त्याचं ठरलं होतं.

तीन.
त्या आवाजांत एक आवाज वेगळा लागला. भ्यालेलं पोर कसं ओरडतं आणि पडलेलं पोर कसं, हे तोवर त्याला माहीत नव्हतं.

चार.
मूठ हाताशी होती. वर करायची, बस. ती सोडून तो बाहेर धावला. काय झालं ते बघायला धावला, त्याने स्वतः केलेल्या अंधारात, बॅटरीसुद्धा न घेता.

पाच.
रस्त्यात माणसं अंगावर आली. “बाळाजी, काय झालं रं लाइटीला?” कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, “फांदी.”

सहा.
ओट्यावरून अजून माणसं उतरत होती. पायरीखाली कुणाचा तरी पाय कशावर तरी पडला, आणि तो वेगळा आवाज पुन्हा आला. हाड पडताना मोडलं की पायाखाली, हे हाडवैद्यालाही सांगता आलं नाही. उजेड असता तर तिच्यावर कुणाचा पाय पडला नसता, एवढं बाळाजीला कळलं.

सात.
तो परत धावला. मूठ वर केली. नोंदवहीत लिहिलं : फांदी लागली, सात मिनिटे. त्या लाइनच्या आसपास एकही झाड नव्हतं. कुणी विचारलं नाही.

*

“थांबव ते,” बाळाजी म्हणाला.

पडद्यावर झाकण अर्धवट उघडं राहिलं.

“सुचे, लाइट आपोआप गेली नव्हती. मी घालवली. समोरनं.”

मग त्याने सगळं सांगितलं. सात मिनिटांचं सांगायला त्याला तीन मिनिटंही लागली नाहीत. मूठ, हसणं, धावणं, फांदी. मान खाली घालून, तक्रार लिहून घेताना बोलायचा त्याच सुरात.

मृणाली हळूच म्हणाली, “काका... रेकॉर्डिंग चालू आहे. हे शेवटचं जरा मोठ्याने परत म्हणाल? आवाज नीट आला नाही.”

“मृणाली,” सुचिता म्हणाली, “बंद कर तो मोबाइल.”

“आत्या, पण हे एवढं...”

“बंद कर आणि पुसून टाक. माझ्यासमोर.”

मृणालीने तसं केलं. बाहेर फटफटी थांबली, मावरंवाल्याने ताज्या मासळीची एक हाळी दिली आणि तो पुढे गेला.

“हसलात?” सुचिताने विचारलं.

“व्हय. आधी.”

“आणि मग?”

“मग न्हाय.”

ती पडद्याकडे वळली. आता ती चिडेल, शिव्या देईल, असं बाळाजीला वाटत होतं. त्याची तयारी होती. पस्तीस वर्षांत त्याने तिच्या तोंडच्या शिव्या मनात इतक्यांदा ऐकल्या होत्या की त्यांचा क्रमही ठरून गेला होता.

“म्हणजे तो न्हवताच,” ती म्हणाली.

“कोण?”

“दातवाला.” तिचा हात गुडघ्यावर होता, पण चोळत नव्हता. “लग्नाला बघायला यायची ना माणसं, आणि चाल बघून उठून जायची, तेव्हा मी मनात म्हणायची, तुम्हाला काय ठाऊक, माझ्यासाठी कोण आलेला. हसू यायचं मला. त्या हसण्यावर निभावलं सगळं.” ती थांबली. “आणि ती निस्ती तुमची मस्करी.”

“सुचे, मी...”

“ऱ्हाऊ दे. चालू कर गं म्होरलं. मला शेवट ठाऊक न्हाय. यांनाही न्हाय.”

मृणालीने चालू केला.

झाकण पुरतं उघडलं. आत पावडर फासलेला एक म्हातारा नट होता. पुढे तो दोन बायकांच्या मागे लागला, एका जिन्यावर अडखळला, आणि शेवटी कुणीतरी पडदा ओढला तशी उन्हाची तिरीप त्याच्यावर आली. चित्र एकदा हललं आणि त्याच्या जागी राखेचा ढीग दिसला. तो तर रांगोळीसारखा दिसत होता. कुणी हसलं नाही. मृणालीही नाही.

*

चादर काढली तेव्हा साडेपाच होत आले होते. उन्हाने डोळे दिपले.

मास्तरांच्या दाराशी एक बटण आहे. त्याची तार भिंतीवरून पायऱ्यांवरच्या दिव्यापर्यंत जाते. सुचिताचा पाय मोडला त्या वर्षीच्या गणपतीनंतर बाळाजीने ती स्वतः ओढली. आधी पिवळा बल्ब, मग ट्यूब, मग सीएफएल, आता एलईडी. एक गेला की दुसरा त्याच दिवशी. “बाळाजीचा जीव त्या दिव्यात अडकलाय,” असं मास्तर चिडवायचे. सुचिता या पायऱ्या चढायची-उतरायची असली की तो दिवसासुद्धा बटण दाबायचा. आजही तिने चपला घालायला घेतल्या तसा त्याचा हात तिकडे गेला. दिवा लागला. उन्हात तो लागलेला कळतही नव्हता.

सुचिता दारात थांबली. तिने वर बघितलं, हात लांबवला आणि बटण बंद केलं.

“दिवसाची कशाला जाळता?” ती म्हणाली.

मग भिंतीला हात लावून ती पहिली पायरी उतरली. चांगला पाय, त्याच्याजवळ दुसरा. थांबली. दुसरी पायरी. बाळाजी वर उभा होता. बटणापासून वीतभर अंतरावर त्याचा हात तसाच राहिला होता, आणि अजून तीन पायऱ्या होत्या.