रविवारी आलेला गुरुवार

मुलीच्या लग्नाला अकरा दिवस उरले असताना फान श्वेलिनला धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तू मुहूर्त धरलायस ना, त्या रविवारी गुरुवार आहे!"

"सकाळी सकाळी ढोसून बसलीस का गं?"

"मी शुद्धीत आहे. तूच सरकारी पत्रक बघ. ऑक्टोबरात राष्ट्रीय दिनाची सलग सुट्टी द्यायची म्हणून आधीचा रविवार कामाचा केलाय. आमच्या शाळेत त्या दिवशी गुरुवारचं वेळापत्रक. माझे चार तास आहेत."

श्वेलिन मटकन खाली बसला. चीनमधल्या एका तालुक्याच्या गावात तीस वर्षं नूडल्सचं दुकान चालवलेला हा माणूस पंचांग बघितल्याशिवाय केससुद्धा कापायचा नाही. हा दिवस त्यानं दीड वर्ष आधी शोधून काढला होता, तेव्हा पत्रकाचा पत्ताही नव्हता. बायको, मेइजुआन, तेव्हाच म्हणाली होती, "ऑक्टोबरच्या सुट्टीत उरकू या." त्यावर यानं नाक मुरडलं होतं, "सुट्टीत काय, कुणीही लग्न करतं!"

नवरा-नवरीला लग्नाची रजा होती. पण अठरा टेबलांचे पाहुणे आणायचे कुठून?

तो हॉटेलात धावला. मालकीण म्हणाली, "काका, सुट्टीत एक खुर्चीसुद्धा रिकामी नाही. एकदम नोव्हेंबरच्या सात तारखेला या."

त्यानं पंचांग उघडलं. सात तारीख: चूल दुरुस्त करण्यास उत्तम, विवाहास वर्ज्य.

"मग चूल दुरुस्त करू या," मेइजुआन म्हणाली. "निदान तेवढं तरी शुभकार्य होईल."

दोन दिवस श्वेलिन जेवला नाही. शेवटी मुलगी चिंगहे त्याच्याजवळ येऊन बसली. "बाबा, दुपारी बारा ते अडीच सगळ्या कचेऱ्यांना सुट्टी असते. लोक घरी जाऊन झोपतात. त्यांना म्हणू, एक दिवस झोप सोडा."

"अडीच तासांत लग्न? एवढ्यात आपले पाहुणे शेंगदाणेसुद्धा संपवत नाहीत!"

पण दुसरा इलाज नव्हता. त्यानं घरोघर फोन केले.

रविवारी बारा वाजले तेव्हा हॉटेलच्या माडीवरच्या सभागृहात फक्त म्हातारी मंडळी होती. श्वेलिन खिडकीशी जाऊन उभा राहिला. बारा वाजून सात मिनिटांनी खाली स्कूटरींचा एकच गलका झाला. बँकेतल्या बायका गणवेशात आल्या, टपालवाले आले, शाळेतले मास्तर खडूनं माखलेल्या हातांनी आले. बहीण तर जिन्यातूनच ओरडली, "दादा, वाढायला सांग!"

श्वेलिननं चार पानी भाषण लिहून आणलं होतं. तो उभा राहिला, घसा खाकरला. समोर पावणेदोनशे माणसं चॉपस्टिक हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. त्यानं कागद खिशात कोंबले.

"पोरगी चांगली आहे. जावईही बरा आहे. जेवा!"

असा टाळ्यांचा कडकडाट त्या गावात कुठल्या पुढाऱ्यालाही मिळाला नव्हता.

मग वाढप्यांची तारांबळ उडाली. बदक येतंय तोवर हाडं उरत होती. कुणी दारूचा आग्रह करेना, कुणी मांडीवर थाप मारून जुनी भांडणं उकरेना. नवरा-नवरी टेबलाटेबलांतून पळत प्याले उंचावत होते. सव्वादोनला सगळे उठले. "फार छान झालं हो, सुटसुटीत!" असं म्हणत जिना उतरले.

सभागृह शांत झालं. जावयासकट घरचे चौघं एका टेबलाला टेकले. मालकिणीनं त्यांच्यासाठी राखून ठेवलेला वाफाळता मासा आणला.

"आपल्या लग्नात मला शेवटी गार भात मिळाला होता," मेइजुआन म्हणाली.

चिंगहेनं माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून बापाच्या वाटीत ठेवला. श्वेलिन त्या दोन उपाशी दिवसांचीही कसर भरून काढत जेवला, आणि मग आणखी एक मासा मागवला.