अकरावं झाड

औसेपने सुरी सालीवर टेकवली, हलक्या हाताने ओढली आणि पांढरा चीक चरातून करवंटीत उतरेपर्यंत तो थांबला.

"पुट ऑफ," मागून जिन्सी म्हणाली. "आजचं उद्यावर ढकलणं."

"हे तुझ्या आळशी मावशीला शिकव," म्हणत औसेप पुढच्या झाडाकडे सरकला.

पहाटेचं धुकं रबराच्या ओळींतून अजून हललं नव्हतं. बापलेकीच्या कपाळावरचे दोन दिवे तेवढे त्यात तरंगत होते. मागचं झाड लगेच दिसेनासं व्हायचं, पुढचं हळूच समोर यायचं. ही ओळ संपूच नये, असं औसेपला रोज वाटायचं.

जिन्सी नर्स. इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात तिची जागा ठरलेली, फक्त इंग्रजीची परीक्षा आडवी आली होती. दोनदा नापास. शनिवारी तिसरी आणि शेवटची खेप. नंतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. तिकडचे म्हातारे पेशंट साध्या क्रियापदामागे एक 'ऑफ' चिकटवतात आणि अर्थ पार बदलून टाकतात, असं कोट्टयमच्या क्लासमधल्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून जिन्सीने या ओळीतल्या झाडांना एकेक 'ऑफ' वाटून दिला आणि वहीत झाडागणिक एकेक ओळ लिहून ठेवली. एवढासा शब्द, शेजारच्या कोंबडीसारखा कुणाच्याही घरात घुसतो, अशी औसेपची कुरकूर चालायची. पण महिनाभरात निम्मे त्यालाही पाठ झाले.

ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा त्याने तोंड पाडलं खरं, पण त्या रात्री कप्प्याचे उकडलेले कंद आणि मासळी दोनदा मागून खाल्ली. त्याची त्याला अजून लाज वाटायची.

काल चर्चमधून परतताना शेजारच्या एलिक्कुट्टीने त्याला गाठून सुनावलं होतं. पोरगी नापास होण्यातली नाही. तुम्हाला एकटं टाकून जाववत नाही तिला, म्हणून मुद्दाम चुका करते. साबू गेला त्या दिवशी तुम्ही काय केलंत, आठवतं ना?

आठवत होतं. थोरला मुलगा साबू आयर्लंडला निघाला, दारात गाडी उभी, आणि औसेप भर पावसात सुरी घेऊन बागेत गेला. पावसात रबर कापत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. गाडी निघून गेली तरी तो झाडाआड उभा होता, आणि जिन्सी खिडकीतून बघत होती.

दहावं झाड झालं. अकराव्याचा चीक तीन वर्षांपूर्वीच आटला होता. त्याला ओलांडून बारावं गाठायचं हे औसेपच्या पायांना सवयीचं, आणि जिन्सीही तिथे न बोलता पुढे जायची. आज तिचा दिवा बाराव्याशी पोचला, तरी औसेप अकराव्यापाशीच उभा होता.

"अप्पच्चा, ते आटलंय."

"माहितीये. याला कुठला शब्द दिलायस?"

"त्याला नाही दिला."

"मोळे, पोरी, वाचता येत नसलं तरी वहीतल्या ओळी मोजता येतात मला. मी झाडं कापतो एकोणचाळीस. ओळी चाळीस आहेत."

जिन्सी सावकाश परत आली. बराच वेळ तिने त्या कोरड्या सालीवरून बोट फिरवलं.

"सी ऑफ," ती म्हणाली. "कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की त्याच्यासोबत विमानतळापर्यंत जायचं. तो आत जाईपर्यंत हात हलवत उभं राहायचं."

औसेपने सुरी लावली आणि इतर झाडांना घ्यायचा तसाच छेद घेतला. काहीच आलं नाही. तरी त्याने करवंटी सरळ करून ठेवली.

"नेडुंबाश्शेरीच्या विमानतळावर पोचायला किती वेळ लागतो?"

"दोन-अडीच तास."

"मला गाडी लागते. गोळी देऊन ठेव." त्याने सुरी कमरेच्या मुंडूच्या सोग्याला पुसली. "दोन दे. येताना पण लागेल."

जिन्सीने मान हलवली. ती मान खाली घालूनच चालत होती, त्यामुळे तिचा दिवा नुसत्या पाचोळ्यावर पडत होता. बाराव्या झाडाची साल कापून झाली, चीक करवंटीत उतरू लागला, तरी मागून आवाज आला नाही. औसेप थांबला. मग त्यानेच म्हटलं,

"सेट ऑफ. निघणं."